बाकीचं माझं

रंगुबाई बंडगर दवाखान्यातून घरी आली, त्याच्या अकराव्या दिवशी तिच्या दिरानं तिचं नाव देवळातल्या फळ्यावर लिहून टाकलं. विचारलं नाही, सांगितलं नाही. खडूनं ठळक अक्षरांत लिहिलं: येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, श्रीमती रंगुबाई अर्जुना बंडगर यांना विहिरीत बिरोबानं दिलेलं दर्शन, त्यांच्याच तोंडून. सर्वांनी यावे.

रंगुबाईला वाचता येत नव्हतं. सून सोनिया पाण्याला गेली होती, तिनं फळा वाचला आणि अर्धीच घागर घेऊन परत आली.

"आत्ती, रविवारी तुमी देवळात बोलनार हाय?"

"कोन म्हनलं?"

"फळ्यावर लिवलंय."

रंगुबाईच्या मांडीत सळई घातली होती. तिनं काठी घेतली आणि मेंढरांच्या कुंपणाला वळसा घालून समोरच्या घरी गेली. आप्पासो, तिचा धाकटा दीर, देवाचा पितळी मुखवटा चिंचेनं घासत बसला होता. वस्तीवरच्या बिरोबाची पूजा त्याच्याकडं होती.

"भावजी, फळा पुसा."

"बसा वैनी. च्या घ्या."

"मी च्याला आले न्हाई. फळा पुसा."

आप्पासोनं मान वर केली नाही. "का म्हनून?"

"मला इचारलं हुतं तुमी?"

"देवाचं काम हाय. त्यात इचारायचं काय?"

दारातून त्याची बायको राणी पुढं आली. "ॲम्ब्युलन्समदी माजा हात धरून बोलला न्हवं तुमी? मला हाक आली म्हनून? का मी खोटं बोलते?"

रंगुबाईला नाही म्हणता येईना. कारण राणी खोटं बोलत नव्हती.

झालं होतं ते असं. दरवर्षीप्रमाणे दिवाळी झाल्यावर बंडगरांची मेंढरं आटपाडीकडचं वाळकं रान सोडून पश्चिमेला, उसाच्या मुलखात गेली होती. उंब्रजच्या वरच्या अंगाला शेतं मोकळी झाली की बागायतदार मेंढरं रानात बसवून घेतात. त्यांना खत मिळतं, मेंढपाळाला धान्य. पौषातल्या एका सोमवारी एक गाभण मेंढी कळप सोडून टेकाडाकडं गेली. रंगुबाई तिच्या मागं गेली. मुलगा सिद्धू आणि सोनिया कळप घेऊन पुढच्या रानात सरकली होती, त्यांना वाटलं आई येईल मागनं. टेकाडावर एक पडकी विहीर होती. कठडा नाही, तोंडावर घाणेरीचं जाळं. रंगुबाईचा पाय त्या जाळीत गेला आणि ती सरळ खाली. तळाशी गुडघाभर चिखल होता म्हणून जीव वाचला, पण मांडी मोडली.

सोमवार दुपारपासून बुधवार सकाळपर्यंत ती त्या विहिरीत होती. वर सिद्धू हायवेवर, स्टँडवर, नदीकडं शोधत होता. टेकाडावर कुणी आलं नाही. पहिला दिवस ती ओरडली. दुसऱ्या दिवशी आवाज बसला, तेव्हा तिनं बिरोबाला शिव्या द्यायला सुरुवात केली. सहा वर्षांपूर्वी खंडाळ्याजवळ हायवे ओलांडताना एका ट्रकनं तिच्या नवऱ्याला, अर्जुनाला, आणि एकोणीस मेंढरांना उडवलं होतं. त्या दिवसापासून तिनं कपाळाला भंडारा लावला नव्हता. देवळाच्या बाहेर उभी राहायची, आत जायची नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गुडघं दुखत्यात. सहा वर्षं दाबून ठेवलेलं सगळं तिनं त्या चिखलात बसून एकेक करून देवाच्या तोंडावर मारलं.

आणि बुधवारी उजाडायच्या सुमाराला काहीतरी झालं.

काय झालं ते रंगुबाईनं कुणाला सांगितलं नाही. ती सांगत नाही, तर आपणही उकरायला जायचं कारण नाही. एवढं मात्र खरं, की रानाचा मालक जयराज पाइपलाइन कुठून न्यायची ते बघायला टेकाडावर आला, तेव्हा त्याला विहिरीतून कुणीतरी हळू आवाजात बोलत असल्यासारखं ऐकू आलं. त्यानं माणसं बोलावली, दोर लावून खाट सोडली आणि तिला वर घेतलं. "बाई रडत न्हवती," जयराज नंतर सिद्धूला म्हणाला. "उलट मलाच म्हनली, दमानं, दोर हाताला कापंल."

आधी कराडला नेलं, मग सांगलीच्या मोठ्या दवाखान्यात. कळप त्या वर्षी अर्ध्यातूनच वस्तीवर माघारी आणला. निरोप मिळताच राणी वस्तीवरून आली होती, कराडहून सांगलीला जाताना गाडीत तीच सोबत होती. रंगुबाईला ताप चढला होता. तिनं जावेचा हात धरला आणि म्हणाली, "राणे, मला हाक आली."

चारच शब्द. पण ते राणीनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगितले, वॉर्डातल्या मावशीला सांगितले, भेटायला आलेल्या प्रत्येकाला सांगितले. रंगुबाई तेवीस दिवस खाटेवर होती. रोज पहाटे, नर्सची फेरी यायच्या आधी, ती डोळे मिटून त्या बुधवारची सकाळ पुन्हा आठवायची. पहिल्या आठवड्यात तिला त्यात नुसती माया दिसली. दुसऱ्या आठवड्यात कळलं, की त्यात एक रागावणंही होतं, सहा वर्षांबद्दलचं. पण सुरुवातीची ती हाक आठवायला गेली, की ती आता राणीच्या आवाजात ऐकू यायची. लाडं लाडं, डोळे मोठे करून म्हटलेली. खरी हाक कशी होती ते काही केल्या सापडेना. रंगुबाई घाबरली. तेवढं गेलं ते गेलं. उरलेलं ती आता तोंडात आणणार नव्हती.

हे सगळं दिराला समजावून सांगायला तिच्याकडं शब्द नव्हते. ती एवढंच म्हणाली, "भावजी, मला न्हाई सांगायचं."

आप्पासोनं मुखवटा बाजूला ठेवला. तो काही लबाड माणूस नव्हता. सकाळ-संध्याकाळ पूजा चुकवायचा नाही, उपास मोडायचा नाही. पण पलीकडच्या वस्तीवर एकाच्या अंगात येऊ लागल्यापासून इथली माणसं तिकडं जात होती, आणि सकाळच्या आरतीला देवळात तो आणि घंटा एवढेच उरले होते. ते त्याला आतून जाळत होतं.

"वैनी, माजी चाळीस वर्सं ह्या देवाच्या पायापाशी गेली," तो म्हणाला. "मला कवा हाक आली न्हाई. तुमी सहा वर्सं पायरी चढला न्हाई, आन् तुमास्नी आली. का आली आसंल? तुमच्या एकटीसाठी? पानी काय एकट्याच्या शेतात पडतं व्हय? त्यानं दिलं ते समद्यास्नी दिलं. दाबून ठेवनं म्हंजी चोरी हाय."

"आसंल."

"आसंल म्हंजी?"

"चोरी आसंल तर त्यो बघून घील माज्याकडं. तुमी फळा पुसा."

फळा पुसला गेला नाही. आप्पासोचा मुलगा इंद्रजित यानं त्याचा फोटो काढून मोबाइलवर टाकला होता, आणि शनिवारपर्यंत माणसं यायला लागली. कुणी नारळ घेऊन, कुणी नुसतंच बघायला. रंगुबाई सगळ्यांना पाणी द्यायची आणि परत पाठवायची. काही चिडून जायचे. एक जण जाताना दारातच म्हणाला, "देवानं गर्वाची बाई निवडली."

रविवारी ती देवळात गेली. न जाऊन भागणार नव्हतं, नाहीतर ते सगळे तिच्या अंगणात आले असते. सहा वर्षांनी तिनं पायरी चढली. सोनियाचा हात धरून चढली आणि देवापुढं वाकली, पण बघणाऱ्यांना ते दिसलं नाही. त्यांना तिचं तोंड उघडायला हवं होतं. शे-सव्वाशे माणूस होतं. इंद्रजितनं मोबाइल स्टँडवर लावला होता. आप्पासोनं तिच्या हातात भंडाऱ्याची मूठ दिली.

"भंडारा हातात हाय वैनी. आता काय झालं ते बोला."

रंगुबाई हातातल्या पिवळ्या हळदीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मी हिरीत पडले, खरं हाय. दोन राती हुते, खरं हाय. उंब्रजच्या जयराजरावांनी वर काढलं, खरं हाय. बाकीचं माझं आन् त्येचं हाय."

तिनं भंडारा कपाळाला लावला आणि वळली.

देवळात गलका झाला. एवढ्या लांबून आलोय, कुणी म्हणालं. मग बायकांच्या बाजूनं राणीचा आवाज आला, खणखणीत. "त्येचं म्हंजी कुनाचं? देवाचं का जयराजरावाचं?"

आधी दोघी-तिघी हसल्या, मग सगळं देऊळ हसलं. रंगुबाईनं दिराकडं पाहिलं. त्यानं बायकोला गप्प कर म्हणावं, एवढीच तिची अपेक्षा होती. आप्पासो देवाकडं तोंड करून उभा राहिला आणि घंटा वाजवायला लागला.

त्या दिवसापासून वस्तीवर दोन गोष्टी एकदम फिरायला लागल्या. रंगुबाईला देव भेटला, आणि रंगुबाई दोन दिवस उंब्रजच्या बागायतदाराकडं होती, पाय तिथंच कुठंतरी जिन्यावरनं पडून मोडला. एकच माणूस सकाळी ही गोष्ट सांगायचा आणि दुपारी ती. विहिरीवर कुणीही जाऊन बघितलं नाही.

चार दिवसांनी सिद्धू आटपाडीच्या बाजारातून आला तो ताट लाथेनं उडवतच आत आला. भाकरीचे तुकडे चुलीपर्यंत गेले.

"आय, एकदा सांगून मोकळी हो. बाजारात लोकं काय बोलत्यात म्हाईत हाय तुला?"

"म्हाईत हाय."

"मग? तुला लाज न्हाई, मला हाय. तू हिरीत हुतीस, मला ठावं हाय. पन आत काय झालं ते तू बोलत न्हाईस म्हनून समदं खोटं ठरतंय. माज्या बाच्या नावाला बट्टा लागतोय. एवढं सांगितलंस तर काय झिजनार हाय तुजं?"

अर्जुनाची गोष्ट निघाली तशी रंगुबाई हलली. हा तिच्या पोटचा होता. दोन दिवस रानोमाळ हाका मारत फिरला होता, त्याचे तळवे फुटले होते. ह्याला सांगायला काय हरकत आहे, असं तिच्या मनात आलं. तिनं तोंड उघडलंसुद्धा. आणि मग तिनं विचारलं, "सिद्धू, तुला ऐकायचं हाय, का लोकास्नी दाखवायचं हाय?"

सिद्धू खोटं बोलणारा नव्हता. "दाखवायचं हाय," म्हणाला.

"मग न्हाई."

"मर मग एकटी," सिद्धू म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवी भरली आणि सांगलीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर कामाला गेला. सोनियाला चल म्हणाला. सोनिया म्हणाली, मेंढरं कोन बघनार, आत्तीचा पाय आसा. त्यावरून नवरा-बायकोचंही वाजलं. तो गेला आणि रंगुबाई भिंतीकडं तोंड करून दुपारभर पडून राहिली. तिला स्वतःचा राग आला, देवाचा आला, सगळ्यात जास्त त्या चार शब्दांचा आला.

महिन्याभरानं आप्पासोला मार्ग सापडला. ती सांगत नाही, तर आपण सांगू. पाडव्याच्या दिवशी त्यानं भर देवळात सांगितलं, की वैनीनं घरात, एकट्या दिराजवळ, सगळं सांगितलंय. पांढरा घोडा होता. खांद्यावर घोंगडं होतं. देवानं ओंजळीनं पाणी पाजलं, म्हणून तर बाई दोन दिवस जगली. इंद्रजितनं ते मोबाइलवर टाकलं आणि बघता बघता जतपासून, सांगोल्यापासून माणसं यायला लागली. कालपर्यंत हसणाऱ्या बायका रंगुबाईच्या पायाला हात लावायला लागल्या. जयराजचं नाव घेणं बंद झालं. इज्जत अशी फुकटात परत आली होती. तिनं फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात तर तिचा हात कुणी धरला नसता.

ती काठी टेकत पुन्हा समोरच्या घरी गेली.

"भावजी, घोडा बिडा काय न्हवतं. खोटं हाय त्ये."

"मग खरं सांग," आप्पासो म्हणाला. आता तो तिला तुमी म्हणत नव्हता. "खरं सांग, मी माजं मागं घेतो. समद्यांच्या म्होरं नाक घासतो. चल."

रंगुबाई जागची हलली नाही. खोटं खोडायचं तर खरं बाहेर काढावं लागणार होतं, आणि ते त्यालाही कळत होतं.

"न्हाई ना जमत?" तो म्हणाला. "मग माजंच खरं."

"जो कोन इचारंल त्येला मी सांगनार," रंगुबाई म्हणाली. "ते भावजींचं हाय, माझं न्हाई."

आणि तिनं तसंच केलं. येईल त्याला सांगितलं. ऐकून काही जण गोंधळायचे, काही भांडायचे. एक म्हातारी जतकडून आली होती, लीलाबाई नावाची. तिची नात सात महिने अंथरुणावर होती. तिनं रंगुबाईचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "ज्या हातानं देवाच्या ओंजळीला हात लावला, त्यो माज्या पोरीच्या कपाळावर ठिवा."

"आजी, तसं काय झालं न्हाई."

"मग कसं झालं?"

रंगुबाईनं नकाराची मान हलवली. म्हातारीनं हात झटकले. "माजी नात मरायला लागलीया, आन् तू दाबून बसलीस? किडं पडतील तुला."

राणीच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या शिवीनं झालं. तीन दिवस रंगुबाईला अन्न गोड लागलं नाही. भावजी म्हणतात तेच खरं असेल तर? ती पुन्हा पुन्हा त्या सकाळीत उतरली, कानाकोपरा शोधला. त्यात 'सांग' असं कुठंही नव्हतं. 'कर' असं मात्र होतं, आणि ते तिच्या एवढे दिवस ध्यानात आलं नव्हतं. भीती वाटत होती तेव्हा ती नुसती त्या आठवणीची राखण करत बसली होती. चौथ्या दिवशी ती सोनियाला घेऊन एसटीनं त्या म्हातारीच्या गावाला गेली. कपाळावर हात ठेवला नाही. पोरीचे पाय तेलानं चोळले, तिची घाण काढली, म्हातारीला दुपारभर झोपू दिलं. म्हातारीनं पाणीही विचारलं नाही. तरी रंगुबाई दर आठवड्याला जात राहिली. नात वैशाखात गेली. तिसऱ्या दिवशी रंगुबाई भेटायला गेली, तर म्हातारीनं तिला दारातूनच परत लावलं.

आप्पासोला हे सगळं झोंबत होतं. ज्या बाईच्या नावावर देऊळ भरत होतं तीच बाई देवळाबाहेर बसून त्याला खोटं पाडत होती. आषाढात त्यानं पाच माणसं बसवली आणि मेंढरं वेगळी केली. बावीस माद्या आणि एक म्हातारा मेंढा तिच्या वाट्याला आला. आणि वर सांगितलं, "ह्या देवळाची पायरी परत चढायची न्हाई."

"पायरीचं ऱ्हाऊ द्या," रंगुबाई म्हणाली. "मी सहा वर्सं आपनहून चढले न्हवते. तवा बी त्येला मी घावलेच की."

एवढंच तिनं त्या सकाळीबद्दल चारचौघांत बोलून दाखवलं असेल. बोलली आणि लगेच ओठ मिटून घेतले.

दिवाळीनंतर सासू-सुना दोघीच तेवीस मेंढरं घेऊन निघाल्या. यंदा रहिमतपूरकडं गेल्या. तिथल्या लोकांनीही मोबाइल बघितला होता. एका शेतकऱ्यानं ओळखलं आणि म्हणाला, घोड्याची गोष्ट सांगत असशील तर रानात बस, नाहीतर पुढं जा. त्या पुढं गेल्या. दोन मैलांवर कुणीतरी काही न विचारता बसू दिलं.

दुपारी कळप बाभळीखाली बसला होता. सिद्धूचा फोन येऊन गेला होता. तो सोनियाशी बोलायचा, आईशी नाही. सोनिया बराच वेळ गवताची काडी मोडत बसली, मग म्हणाली, "आत्ती, एक सांगू? कुनालाच सांगितलं न्हाई म्या. गेल्या साली माजं पोट पडलं न्हवं, तवा दवाखान्यात मला..."

रंगुबाईच्या मनानं उडी मारली. आजवर तिला तिच्यासारखं काही घडलेलं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. ऐकावं, आणि मग आपलंही थोडंसं सांगावं, असं इतकं वाटलं, की तिनं जमिनीवर हात टेकला.

"थांब," ती म्हणाली. "आत्ताच नगं सांगू."

सोनियाचा चेहरा पडला. मग लाल झाला. "बरं," ती म्हणाली. "म्हंजी तुमचं तेवढं सोनं. माजं ऐकून बी घ्यायचं न्हाई."

"तसं न्हाई गं."

"मग कसं? नवरा सोडून तुमच्यासंगं आले मी. समद्या वस्तीच्या शिव्या खाल्ल्या. मला बी तुमी लीलाबाईवानी उपाशीच ठिवनार?"

रंगुबाईला हे लागलं. "पोरी," ती म्हणाली, "म्या घाईनं चार शब्द राणीला दिलं, ते मला परत घावलं न्हाईत. तू आदी बघ ते. रोज बघ. एक साल बघ. मग बी मला द्यावंसं वाटलं, तर मी ऐकीन. जिवाचा कान करून ऐकीन. पन आज न्हाई."

सोनिया उठली आणि कळपाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन बसली, पाठ करून. संध्याकाळपर्यंत तशीच बसली होती. रंगुबाईनं तिला हाक मारली नाही. मेंढ्या उठल्या तेव्हा दोघी दोन बाजूंनी उठल्या आणि कळप रस्त्याला लावला. सोनियाचे डोळे सुजले होते, पण ओठ मिटलेले होते, आणि चालताना ती काहीतरी आठवत असल्यासारखी अधूनमधून थांबत होती.